शामराव एकटेच परत आले त्याबाबत

रविवार, दि. २१ जानेवारी २०१८. वेळ संध्याकाळची.

मी, इंदू शामराव देवतळे, वय चौसष्ट वर्षे, काम घरचे, राहणार ब्राह्मणपारा, रायपूर. ठाण्यात स्वतः येऊन, विचारले त्याप्रमाणे सांगते ते असे. माझी हिंदी बाजारापुरती चांगली आहे, पण घाबरले की ती सुचत नाही. प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, पद्मिनी मेश्राम या राजनांदगावच्या असून मराठी जाणतात, म्हणून त्या माझे म्हणणे मराठीतच लिहून घेत आहेत. हिंदी प्रत नंतर जोडणार असे त्यांनी सांगितले आहे.

माझे यजमान शामराव देवतळे, वय एकोणसत्तर, रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाले. धर्मपाल खोब्रागडे हे त्यांच्याच खात्यातले, त्याच वर्षी निवृत्त झालेले. ते आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांच्या पत्नी रमाबाई, मुलगा गौतम. गौतम नवा रायपूरमध्ये एका सरकारी संस्थेत नोकरीला आहे. आमची दोन्ही घरे मूळची विदर्भातली, त्यामुळे येणे-जाणे घरच्यासारखे. धर्मपालभाऊ आज सकाळी माझ्या यजमानांसोबत मासे धरायला गेले, ते अजून आलेले नाहीत. यजमान एकटेच आले. त्याबाबत हा जबाब आहे. यजमान, रमाबाई आणि गौतम माझ्यासोबत ठाण्यात आले आहेत.

दोघांना गळ टाकून मासे धरण्याचा नाद तीस वर्षांपासून आहे. दर रविवारी जातात. कोणत्या तळ्यावर गेले हे मला सांगता येत नाही. ठाणेदार साहेबांनी हे दोन वेळा विचारले आणि दोन्ही वेळा त्यांना माझा राग आला, ते मला समजले. पण आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला कुठे चालला असे विचारत नाहीत. मासे धरायला जाणाऱ्याला तर मुळीच विचारत नाहीत, विचारले की रिकाम्या हाताने परत येतो म्हणतात. शिवाय गळवाले आपली जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. रमाबाईंनीही कधी विचारले नाही. बायका असून तुम्हाला नवऱ्याचा पत्ता माहीत नाही का, असे साहेब म्हणाले. नाही, माहीत नाही.

यजमानांना दीड वर्षापासून विसर पडतो. डॉक्टरांची चिठ्ठी घरी आहे, उद्या आणून देईन. आधी चष्मा, किल्ल्या असे विसरत. मग चहात मीठ टाकू लागले. मासे धरायला गेल्यावरही काही ना काही घोळ व्हायचाच. एकदा धरलेले मासे तळ्यावर ठेवून रिकामी थैली नीट घडी घालून घरी आणली. एकदा गांडुळांचा डबा घरीच विसरले आणि दिवसभर कणकेच्या गोळ्यांवर काढला. तो डबा मला दोन दिवसांनी फ्रिजमध्ये तुपाच्या बरणीमागे सापडला, तेव्हा मी काय बोलले ते लिहिण्यासारखे नाही. धर्मपालभाऊंचेही काही कमी नाही. त्यांनी मागे अर्धा दिवस गळ न बांधताच नुसती दोरी पाण्यात सोडून ठेवली होती. दोघे घरी येऊन हे सांगत आणि पोट धरून हसत. मला हसू येत नसे, पण यजमान हसतात ते बघून बरे वाटे.

यजमानांना स्कूटर चालवायला मी आणि डॉक्टरांनी मनाई केली आहे. धर्मपालभाऊ पायी आमच्याकडे येतात, आमची स्कूटर तेच चालवतात, यजमान मागे बसतात. येताना आधी धर्मपालभाऊंचे घर लागते. ते तिथे उतरतात आणि शेवटच्या दोन गल्ल्या यजमान स्वतः चालवत येतात. तेवढे तरी चालवू द्या वहिनी, असे धर्मपालभाऊंनी मला सांगितले होते. मी हो म्हटले.

आज उजाडताच दोघे निघाले. मी पोळ्या बांधून दिल्या. दोघांनी आपापले मोबाइल स्कूटरच्या डिकीत टाकले. ही त्यांची रीत आहे. मोबाइल वाजला की मासा पळतो असे दोघांचे ठाम मत आहे, आणि खिशात ठेवला तर बायका फोन करतात असेही.

सकाळी अकराच्या सुमारास यजमान परत आले. एरवी जेवायच्या वेळेनंतर येतात. स्कूटर स्वतः चालवत आले, ते नेहमीचेच. हातात थैली नाही, गळाच्या काठ्या नाहीत. मी म्हटले, विसरलात ना सगळे तिथेच. धर्मपालभाऊ कुठे म्हणून विचारले तर म्हणाले, येऊन राहिला. मला वाटले आपल्या घरी उतरले असतील, हातपाय धुऊन येतील. रविवारी पुष्कळदा ते आमच्याकडेच जेवतात.

यजमानांच्या पँटला गुडघ्यापर्यंत पाणी होते आणि शर्टाच्या बाहीला रक्त होते. मासळीचे रक्त असणार असे मी धरले. मासे धरून आले की कपडे मी लगेच काढून घेते, नाहीतर वास घरभर होतो. मी शर्ट-पँट साबणात भिजवले, घासले आणि दोरीवर टाकले. मासा एकही नव्हता, मग रक्त कुठून, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. ते रक्त कोणाचे असे पद्मिनी मॅडम विचारत आहेत. मला माहीत नाही. कपडे का धुतले असेही विचारत आहेत. कारण मी दर रविवारी धुते.

(येथे साक्षीदारास पाणी दिले.)

यजमान जेवले. धर्मपालभाऊ आले नाहीत, तेव्हा आज आपल्या घरीच जेवत असतील असे मी धरले. पोटभर जेवले, दोन वेळा भात मागितला. मग मात्र त्यांना चैन पडेना. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी घेतले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. मी विचारले, कोणाला पाणी हवे आहे. त्यांनी मागे गल्लीकडे पाहिले, मग तांब्याकडे पाहिले. मी हात धरून आत आणले. थोड्या वेळाने पुन्हा तांब्या घेऊन फाटकाशी. या वेळी चादरही घेतली होती, माझी चांगली, पाहुण्यांसाठी ठेवलेली. मी ओरडले. मोठ्याने ओरडले, शेजारच्यांनी ऐकले असेल. चादर ओढून घेतली. तिसऱ्यांदा ते चप्पल न घालता बाहेर पडले आणि स्कूटरकडे गेले, तेव्हा मी फाटकाला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. डॉक्टरांनीच सांगितले आहे की बाहेर भटकू देऊ नका. कुलूप लावल्यावर ते फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले. मी आत जाऊन पडले. मला झोपही लागली.

त्या वेळी ते नेमके काय म्हणत होते असे मॅडमनी विचारले. मला नीट आठवते, कारण त्यांनी एकच गोष्ट पुष्कळदा म्हटली. "निळ्या काचेपाशी हाक मारून येतो." मी म्हटले, कोणती निळी काच. आमच्या समोरच्या घराला जिन्यावर निळी काच आहे, तिथल्या वहिनींना हाक मारायची असेल असे मला वाटले. मी म्हटले, त्या गावाला गेल्या आहेत, गप्प बसा.

येथपर्यंत सांगितल्यावर गौतम, जो दाराशी उभा होता, त्याने मला पुन्हा विचारले, काकी, काय म्हणाले काका. मी परत सांगितले. तो खाली बाकावर बसला. मग साहेबांकडे जाऊन हिंदीत म्हणाला की त्याच्या ऑफिसची इमारत निळ्या काचेची आहे, आणि मागे जुने गावतळे आहे. गाव उठवले तेव्हा तळे तिथेच राहिले, त्याची दगडी पचरी, म्हणजे पायऱ्या, तशाच आहेत. कोणी वापरत नाही, शेवाळ चढले आहे. तो म्हणाला, "मेरी खिड़की से वही दिखता है. रोज दिखता है." त्याच्या बाबांनी तिथे मासे धरतो असे त्याला कधी सांगितले नव्हते. आज रविवार, ऑफिस बंद. त्या बाजूला रस्ते मोठे आहेत, पण माणूस नसतो, हे मीही एकदा पाहिले आहे. तिथे ओरडून काही उपयोग नाही. साहेबांनी लगेच गाडी काढली, गौतमला घेतले आणि गेले. तेव्हा ऊन उतरले होते. आता बाहेर अंधार झाला आहे.

गाडी पोचेपर्यंत उरलेला जबाब पुरा करू असे मॅडम म्हणाल्या. मला सांगायचे सुचत नाही, पण विचारले तेवढे सांगते.

चारच्या सुमारास मला जाग आली ती मोबाइल वाजत असल्याने. घरात कुठे दिसेना. आवाज अंगणातून येत होता. स्कूटरची डिकी उघडली, त्यात दोन मोबाइल. वाजत होता तो धर्मपालभाऊंचा. रमाबाईंचा फोन होता. त्या म्हणाल्या, वहिनी, जेवले का हे, आता पाठवा घरी, किती वेळ बसतील. मी म्हटले, ते इथे नाहीत. त्या म्हणाल्या, इथेही आले नाहीत. मग आम्ही दोघी फोन तसाच कानाला लावून राहिलो. यजमान फाटकाशीच होते. माझ्याकडे बघत होते. मी त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवले, विचारले, धर्मपालभाऊ कुठे आहेत. मला फार भीती वाटली, आणि माझी भीती बघून तेही घाबरले. ते म्हणाले, गोंदियाले. गोंदियाला त्यांचे लहानपण गेले. साहेबांनी विचारले तेव्हाही त्यांनी गोंदियाच सांगितले.

गौतम मोटारसायकलवर आला. त्याने आधी यजमानांना नीट विचारले. हिंदीतच विचारतो तो, मराठी समजते पण बोलत नाही. मग त्याचा आवाज चढला. त्याने त्यांना धक्का दिला नाही, मारले नाही, असे मी स्पष्ट सांगते. त्याने मला विचारले, "काकी, सुबह के कपड़े कहाँ हैं?" मी दोरीकडे दाखवले. शर्ट वाळला होता. तो तिकडेच बघत राहिला. त्या वेळी त्याच्या मनात काय आले ते मला कळले, आणि तेच माझ्याही मनात आले. हे लिहा असे मी स्वतः सांगत आहे. चाळीस वर्षांच्या संसारात यजमानांनी माझ्यावर किंवा कोणावर हात उचलला नाही. पण आता त्यांच्या डोक्यात काय चालते हे मला ठाऊक नाही. मागच्या महिन्यात एका पहाटे त्यांनी मला ओळखले नव्हते, आणि काठी उचलली होती.

दोघांचे भांडण झाले होते का, असे विचारल्यावरून सांगते की, होय. मागच्या रविवारी. यजमानांनी गळ फेकताना मागे पाहिले नाही आणि तो धर्मपालभाऊंच्या कानात रुतला. कान फाटला, दवाखान्यात नेऊन टाके घातले. ते आमच्या अंगणात उभे राहून ओरडले, "माहा जीव घेशीन तू एखाद्या दिवशी." गल्लीने ऐकले. हे तुम्हाला दुसरा कोणी सांगेलच, म्हणून मीच सांगते. बुधवारी ते कानाला पट्टी लावून स्वतः आले आणि यजमानांना म्हणाले, रविवारी चलायचे ना. मी त्यांना आत बोलावून म्हटले, भाऊ, आता पुरे करा, यांना नेत जाऊ नका, तुमचाच जीव धोक्यात येतो. त्यांनी माझे ऐकले नाही. म्हणाले, "वहिनी, पाण्यापाशी बसला की तो पहिल्यासारखाच असते. तुम्ही पाह्यलं नाही, म्या पाह्यलं. तेवढं नका बंद करू."

आता मी येथे बसून विचार करते तेव्हा मला असे वाटते की काहीतरी होऊन धर्मपालभाऊ तिथे पडले असावेत, आणि त्यांनी यजमानांना मदत आणायला पाठवले असावे. निळ्या काचेपाशी हाक मार, असे त्यांनीच सांगितले असणार. मोबाइल डिकीत आहेत हे त्या घटकेला दोघांनाही सुचले नसेल. यजमान गेले असतील, फाटक बंद असेल, आणि ते घराकडे निघाले असतील. वर्षभरात दोन गल्ल्यांपलीकडे स्कूटर न चालवलेला माणूस तो सगळा मोठा रस्ता, ट्रकांमधून, कसा आला असेल ते मला समजत नाही. घरी पोचेपर्यंत कशाला आलो ते डोक्यातून गेले. पण पुरते गेले नव्हते. पाणी त्यांच्यासाठी होते, चादर त्यांच्यासाठी होती. आणि मी कुलूप लावले.

हे माझे अनुमान आहे, मी पाहिलेले नाही, असे लिहावे असे मॅडमनी सांगितले. तसे लिहावे. दुसरे अनुमानही असू शकते, असे त्या म्हणाल्या. हव, असू शकते. मला दोन्ही गोष्टींची भीती वाटते. भाऊ पाण्यात गेले असतील तर दिवस मावळेपर्यंत काय राहिले असेल, ही एक. आणि यजमानांनी काही केले असेल तर त्यांना स्वतःला ते कधीच कळणार नाही, मलाच एकटीला ते जन्मभर माहीत राहील, ही दुसरी. रमाबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्या यजमानांच्या शेजारी बसल्या होत्या, मग उठून दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही.

यजमानांना कोठडीत ठेवणार का असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, आधी गाडीचा निरोप येऊ द्या.

(येथे ठाण्याचा फोन वाजला. प्र. आ. मेश्राम यांनी निरोप घेतला व तो साक्षीदारास मराठीत सांगितला. साक्षीदाराच्या सांगण्यावरून तो जबाबात घेतला आहे.)

निरोप असा की, धर्मपाल खोब्रागडे त्या तळ्यावर मिळाले. जिवंत आहेत. पचरीवरून पाय घसरून पडले, मांडीचे हाड मोडले, डोक्याला खोक पडली आहे, अर्धे अंग पाण्यात होते. यजमानांनी त्यांना काखेत धरून पाण्यालगतच्या पायरीपर्यंत अर्धे बाहेर ओढले होते, त्याच्यावर त्यांना उचलता आले नाही. बाहीवरचे रक्त त्यातले. थंडीने बोलता येत नव्हते. दवाखान्याची गाडी बोलावली आहे. गौतम त्यांच्यापाशी आहे.

साहेबांनी त्यांना नाव, पत्ता विचारला. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी गौतमला आधी विचारले, "शामराव घरी पोचला का? म्या त्याले एकट्याले गाडी देऊन धाडलं. रस्त्यात पडला असन तो. दिवसभर मले तेच दिसून राह्यलं." त्यांना आपण मरतो याची भीती नव्हती असे नाही, पण गौतमने त्यांना काका ठाण्यात बसले आहेत, ठीक आहेत, असे तीन-चार वेळा सांगितल्यावरच त्यांनी स्वतःला स्ट्रेचरवर घेऊ दिले.

मी बाहेर जाऊन हे रमाबाईंना सांगितले. नंतर यजमानांसमोर उभी राहून सांगितले की, धर्मपालभाऊ सापडले, आणि ते विचारत आहेत, शामराव घरी पोचला का.

यजमानांनी ते नीट ऐकून घेतले. नंतर मला म्हणाले, "पोचलो म्हणून सांग त्याले. काळजी करन तो." दिवसभरात ते एवढेच विचारल्याला धरून बोलले.

पद्मिनी मॅडमनी तो निरोप फोनवरून तसाच पुढे दिला.

माझे सांगणे संपले. लिहून घेतलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखविले, मी ऐकले, माझ्या बोलण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.

इंदू शामराव देवतळे

समक्ष: पद्मिनी मेश्राम, प्रधान आरक्षक